खुडूकपणा कोंबड्याकडून येतो का?

प्रश्न: माझ्याकडच्या पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्या कधीच खुडूक होत नाहीत, म्हणजे अंडी उबवायला बसत नाहीत. त्यांच्यात सिल्की जातीचा कोंबडा सोडला, तर त्यांच्या बऱ्याच तलंगा (तरुण पोरी) आता अंडी बंद करून खुराड्यात ठाण मांडून बसल्यात. जुने लोक म्हणतात हा गुण बापाकडूनच येतो. खरंय का? कोंबडा बदलू?

उत्तर: अर्धं खरंय. बापाकडून आलाय हे तुमच्या बाबतीत उघडच आहे, कारण सिल्की म्हणजे खुडूकपणात एक नंबर. पण "बापाकडूनच" हे काही पटत नाही. हा समज कुठून आला तर कोंबडीत नर-मादी ठरवणारी झेड आणि डब्ल्यू अशी क्रोमोसोम (जीन वाहणारे धागे) असतात, तलंगेला झेड फक्त बापाकडून मिळतं, म्हणून बरीच वर्षं शास्त्रज्ञांनाही वाटायचं की खुडूकपणाचा मोठा जीन झेडवरच बसलाय. मग 2002 मध्ये लेगहॉर्न आणि बँटमचे (छोट्या चणीच्या, खुडूक होणाऱ्या कोंबड्यांचे) दोन्ही बाजूंनी क्रॉस करून बघितले, एकदा बाप बँटम, एकदा आई बँटम, आणि दोन्हीकडच्या निम्म्याहून जास्त पोरी खुडूक! झेडवर एकच मोठा जीन असता तर असं झालंच नसतं. म्हणजे जीन एकापेक्षा जास्त, इतर क्रोमोसोमवर, काही बसवणारे तर काही उठवणारे.

खेळ सगळा प्रोलॅक्टिन हार्मोनचा. ते वाढलं की अंडाशय आक्रसतं, अंडी थांबतात, आणि पोटाखाली ऊबदार अंडी लागत राहिली की ते वाढलेलंच राहतं. या प्रोलॅक्टिनच्या जीनला चालू-बंद करणाऱ्या भागात लेगहॉर्नमध्ये डीएनएच्या 24 अक्षरांचा एक जादा तुकडा सापडतो, पण सगळं खापर त्या एका तुकड्यावर फोडता येत नाही.

कोंबडा बदलायचा तर खुशाल बदला, फक्त गंमत अशी की कोंबडा स्वतः कधी अंड्यांवर बसत नाही त्यामुळे त्याच्याकडे बघून काहीच कळत नाही, त्याची आई आणि बहिणी खुडूक होतात का ते विचारून घ्या, आणि त्याच्या पोरींची वहीत नोंद ठेवा. अंडीच हवी असतील तर लेगहॉर्नलाच लेगहॉर्न लावा ना. पण अंडी उबवायचं मशीन नसेल आणि पिल्लं काढायची असतील तर या तलंगा विकू नका, 21 दिवस नेटाने बसणारी कोंबडी लेगहॉर्नमध्ये शोधून सापडायची नाही.

आत्ता बसलेल्यांना उठवायचं असेल तर अंडी रोजच्या रोज उचला आणि त्यांना काही दिवस जाळीच्या तळाच्या, उजेडातल्या, हवेशीर पिंजऱ्यात ठेवा, दाणापाणी मात्र पोटभर. पाण्यात बुचकळून काढायचा उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका.