विंडोज १० चा सपोर्ट संपला, लॅपटॉप जुना, रॅम ४ जीबी. विंडोजच्या जागी लिनक्स (मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकायची, तर तिच्या प्रकारांपैकी कोणता: उबंटू, फेडोरा की मिंट?

डोळे झाकून लिनक्स मिंट घ्या, आणि त्यातही हलक्या डेस्कटॉपची एक्सएफसीई आवृत्ती. मिंटचीच सिनॅमन आवृत्ती दिसायला देखणी आहे, पण ४ जीबीत ब्राउझरचे पाच-सहा टॅब उघडले की मशीन रडायला लागतं. उबंटूचा नेहमीचा नोम डेस्कटॉप तर त्याहून जड. फेडोरा उत्तम आहे, पण प्रत्येक आवृत्तीला जेमतेम १३ महिने अपडेट मिळतात. घरच्या लॅपटॉपला कशाला ती दगदग? मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत.

आधी मिंट पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघा. हार्डडिस्कला हातही लागत नाही. वायफाय लागतं का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर स्क्रीन परत येते का, हे तिथेच कळतं. वायफाय नाही लागलं तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग करा (मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला द्या), मग वायफायचा ड्रायव्हर शोधायला मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर उघडा.

मराठीसाठी कीबोर्ड सेटिंगमध्ये इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळरचना) लेआउट जोडला की झालं, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

मात्र टॅलीवर काम करत असाल तर थांबा: ते लिनक्सवर थेट चालत नाही. अशा वेळी विंडोज ठेवून शेजारी मिंट टाका. आणि काहीही करण्याआधी फोटो-कागदपत्रांचा बॅकअप घ्याच.