‘बारीक’ तांदूळ आणि ‘मोकळा’ भात

प्रश्न असा : ‘बारीक तांदूळ’ म्हणजे लांब दाण्याचाच ना? मग काही बारीक तांदळांचा भात चिकट का होतो?

‘बारीक’ हा शब्द रुंदीचा आहे, लांबीचा नाही. कोलम बारीक पण आखूड, बासमती बारीक आणि लांब. आपल्याकडच्या प्रतवारीत लांबी ६ मिमी किंवा जास्त आणि लांबी-रुंदीचे गुणोत्तर ३ किंवा जास्त असेल तर ‘लांब बारीक’. गुणोत्तर तेच पण लांबी ६ च्या आत, तर ‘आखूड बारीक’. घरी बघायचे तर दहा अखंड दाणे टोकाला टोक लावून पट्टीशी मांडा, मग तेच दहा कुशीला कूस लावून, आणि पहिल्या मापाला दुसऱ्याने भागा. दाणा चपट्या बाजूवर टेकलेला हवा. तो उभा राहिला तर रुंदीऐवजी जाडी मोजली जाते आणि जाडा तांदूळही बारीक ठरतो.

वनस्पतीतही लांबीचा आणि रुंदीचा हिशेब वेगवेगळा आहे. लांबीवर तिसऱ्या गुणसूत्रावरच्या जीएस ३ जनुकाचा मोठा प्रभाव आहे. रुंदीवर दुसऱ्यावरच्या जीडब्ल्यू २ चा आणि पाचव्यावरच्या जीडब्ल्यू ५ चा. गंमत म्हणजे तिन्ही जनुके लगामासारखी आहेत : धड असली की दाणा आवरतो, बिघडली की वाढतो. जीएस ३ मध्ये डीएनएचे एकच अक्षर बदलले (सी च्या जागी ए), त्यातून बनणारे प्रथिन अर्धवट राहिले आणि दाणा लांबला. बासमतीची लांबी याच बिघाडाची.

भात मोकळा होणार की चिकट, हे मुख्यतः सहाव्या गुणसूत्रावरचे वॅक्सी जनुक ठरवते. ते दाण्यात अमायलोज नावाचे सरळ साखळीचे पिष्ट बनवते. अमायलोज २५ टक्क्यांच्या वर असेल तर भात फडफडीत होतो आणि गार झाल्यावर कडक पडतो. २० ते २५ मध्ये मोकळा तरी मऊ, बासमतीसारखा. २० च्या खाली शिते एकमेकांना धरतात. हे जनुक पूर्ण बंद पडले की आसामच्या बोरा तांदळासारखा प्रकार होतो. त्याचा दाणा कापून आयोडीनचा थेंब टाकला तर निळाकाळा न होता तांबूस दिसतो. (त्याला इंग्रजीत ‘ग्लुटिनस’ म्हणतात, पण गव्हातले ग्लुटेन त्यात नसते.)

सुवासाचे जनुक आणखी वेगळे, आठव्या गुणसूत्रावर. म्हणूनच इंद्रायणी सुवासिक असूनही चिकट असते.

तेव्हा ‘चिकट’ हे मुख्यतः वाणाचे विशेषण. ‘आसट’ मात्र पाण्याचे : कोणताही तांदूळ जास्त पाण्यात शिजवला की आसट होतो. ‘गिचका’ हा तर निव्वळ स्वयंपाकाचा दोष. पिशवीवरच्या ‘बारीक’ या शब्दावरून भात मोकळा होईल की नाही ते कळत नाही. दुकानात वाण विचारा आणि तांदूळ नवा की जुना तेही, कारण नव्या तांदळाचा भात त्याच वाणाच्या जुन्यापेक्षा जास्त चिकटतो.