प्रपोजल लिहायला शिकवतं कोण?

प्रश्न: नमस्कार ताई, मी पुणे विद्यापीठात पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, बावधन-बाणेरकडच्या विहिरी आणि बोअरवेलच्या पाण्यावर काम करतेय. एका फेलोशिपला आणि एका छोट्या ग्रँटला अप्लाय केलं, दोन्हीकडून नकार आला, का ते कोणी सांगत नाही. सर म्हणतात लिहीत राहा, जमेल. पण लिहायचं कसं ते कोणी शिकवतच नाही. दहावीपर्यंत मराठी मीडियम होतं, इंग्लिश कमी पडतंय का? ड्राफ्टची दोन पानं पाठवतेय. – एक वाचक, औंध

उत्तर: पानं नीट वाचली. इंग्लिशचं टेन्शन सोड, वाक्यं चांगली आहेत. अडचण ही आहे की तुझा प्रश्न मला दुसऱ्या पानाच्या तळाशी सापडला. सुरुवात होते पाणी म्हणजे जीवन इथून, मग देशातलं पाणी, मग महाराष्ट्र, मग पुणे, आणि वाचणाऱ्यापुढे तर असे कितीतरी अर्ज पडलेले असतात, त्यात तो भूजलवाला असेलच असंही नाही, तो तळापर्यंत पोचणार कधी?

आणि प्रश्न इतका भारी आहे गं! बावधनच्या विहिरीत येणारं पाणी पावसाचं मुरलेलं, की महापालिकेच्या पाइपलाइनमधून गळलेलं? हेच पहिलं वाक्य कर. मग लगेच, हे ओळखणार कसं: धरणात साठलेल्या पाण्याची उन्हाने वाफ होते, हलके आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) आधी उडून जातात आणि जड मागे राहतात, म्हणून पाइपलाइनमधून येणारं खडकवासला धरणाचं पाणी पावसाच्या पाण्यापेक्षा वेगळं ओळखता येऊ शकतं. मग, कळून उपयोग काय, कारण आपल्या बेसाल्टमधे, म्हणजे काळ्या खडकात, पाणी राहतं ते भेगांमधे आणि झिजलेल्या थरात, ते भरतंय कशाने हे माहीत नसेल तर पाणी मुरायला कुठली जागा मोकळी ठेवायची हे ठरवणार कसं. झाला पहिला पॅरा. आधी मराठीत लिही, घरी आईला वाचून दाखव, तिने मधेच प्रश्न विचारला तर ती जागा कच्ची आहे.

डार्पा या अमेरिकन संरक्षण-संशोधन संस्थेचे १९७५ ते १९७७ मधले डायरेक्टर जॉर्ज हाइलमायर प्रत्येक प्रपोजलला ठरावीक प्रश्न विचारायचे, पहिलाच असा की काय करायचंय ते अवघड शब्द न वापरता सांगा. पुढचे पण शोधून वाच: आज हे काम कसं होतं, तुमच्यात नवीन काय, यशस्वी झालं तर कोणाला फरक पडेल, खर्च किती, वेळ किती.

वेळेवरून आठवलं, तुझं टाइमटेबल मला पटलं नाही. काम ऑगस्टला सुरू दाखवलंयस, म्हणजे मे महिन्यातली विहिरींची पावसाआधीची पातळी मोजायची राहून गेली, मग ऑक्टोबरची तुलना कशाशी करणार? भूजलवाला रिव्ह्यूअर आला तर आधी हेच बघेल. बजेटमधे पण 'प्रवास' असं मोघम नको, किती विहिरी, किती फेऱ्या, किती सॅम्पल, प्रत्येक टेस्टचा रेट, असं मांड, त्यावरून कळतं की हिने फील्ड बघितलंय.

फेलोशिप आणि ग्रँट दोन्हीला एकच मजकूर पाठवलायस, तेही नको. ग्रँटवाले कामाला पैसे देतात, फेलोशिपवाले आधी तुला बघतात, हे काम तूच का करायचं ते तिथे यायला हवं. फुलब्राइट-नेहरूची डॉक्टरल फेलोशिप ६ ते ९ महिन्यांची असते, तिथे तर अमेरिकेतच का आणि त्याच लॅबमधे का, हे सांगावंच लागतं.

डिपार्टमेंटमधे ज्यांना मिळालीय त्यांच्याकडे त्यांचं प्रपोजल माग, लाजू नकोस, बहुतेक जण देतात. जमलं तर नकार आलेलं पण माग, दोन्ही शेजारी ठेवून वाचल्यावर जे कळतं ते कुठल्याही वर्कशॉपमधे कळत नाही. आणि सरांना शिफारसपत्र डेडलाइनच्या आदल्या आठवड्यात मागू नकोस, महिनाभर आधी ड्राफ्टसकट दे, म्हणजे त्यांना वाचावंच लागेल.