गच्चीवरच्या रेडिओला शील्डेड केबल टाकली. कनेक्टर कोणता आणि अर्थिंग कुठे?

कोथरूडच्या सोसायटीत गच्चीवरच्या रेडिओपासून (वायरलेस इंटरनेटच्या यंत्रापासून) खालच्या नेटवर्क स्विचपर्यंत एफटीपी (तारांभोवती फॉइलचं शील्ड असलेली) केबल टाकलीय, तर साधा आरजे-४५ (नेटवर्क केबलच्या टोकाचा कनेक्टर) चालेल का, असं विचारलंय. नाही चालणार. प्लास्टिकचा कनेक्टर लावला की आतली फॉइल नुसती शोभेची. धातूच्या कवचाचाच घ्या, आणि बुधवार पेठेत घ्यायला जाल तेव्हा केबलचा तुकडा सोबत न्या. कॅट-६ च्या तारा जाड असतात, कॅट-५ई च्या कनेक्टरात बऱ्याचदा शिरतच नाहीत.

फॉइललगतची उघडी तार (ड्रेन वायर) बाहेरच्या आवरणावर मागे दुमडायची आणि कवचाच्या शेपटीखाली दाबून क्रिंप करायची. लोक नेमकी हीच तार कापून टाकतात! मग मल्टीमीटर लावून दोन्ही टोकांच्या कवचांमध्ये बीप येतो का बघा. स्वस्तातले टेस्टर बहुधा आठ ताराच तपासतात.

अर्थिंग खालच्या टोकाला: स्विच किंवा पीओई इंजेक्टरचा (याच केबलमधून रेडिओला वीज पुरवणाऱ्या डबीचा) पोर्ट धातूचा हवा आणि तो खऱ्या अर्थिंगला जोडलेला हवा. दोन पिनांचा अडॅप्टर असेल तर सगळी मेहनत पाण्यात. गच्चीवर रेडिओ ज्या पाइपावर बसवलाय तो जाड तांब्याच्या तारेने इमारतीच्याच अर्थिंगला जोडा. वेगळा रॉड ठोकून तसाच सुटा सोडू नका, दोन अर्थमध्ये फरक पडला की करंट शील्डमधून वाहतो. दोन इमारती जोडायच्या असतील तर सरळ फायबर टाका.

मे महिन्यातल्या वळवाच्या विजांना एकटं शील्ड पुरत नाही. केबल इमारतीत शिरते तिथे इथरनेट सर्ज प्रोटेक्टर (नेटवर्क केबलमधून येणारा विजेचा झटका अर्थमध्ये वळवणारी डबी) लावा, त्यालाही अर्थ द्या.