आजोबांच्या पेटीत 1921 चा अमेरिकन चांदीचा डॉलर सापडला. दुर्मीळ असेल का? विकावा का?

दुर्मीळ नाही. त्या एका वर्षात मॉर्गन डॉलर (जॉर्ज मॉर्गनच्या नक्षीचे चांदीचे डॉलर) साडेआठ कोटींहून जास्त पाडले. पण विकायचाच असेल तर मोडीत घालू नका. पोळलेला माणूस सांगतोय.

कामासाठी कॅलिफोर्नियात होतो तेव्हा रीनोच्या एका दुकानातून 1882 चा मॉर्गन घेतला होता. मागे गरुडाखालच्या माळेच्या बुडाशी बारीक ‘सीसी’, म्हणजे कार्सन सिटी. नेवाडातल्या कॉमस्टॉकच्या खाणींतल्या चांदीसाठी तिथे उभारलेली टाकसाळ. घरी आलो आणि आईजवळ ठेवायला दिला. 2011 ला चांदी भडकली, आमच्या दादाने तो सराफाकडे नेला, वर थोडी भर घातली आणि निरांजन करून आणलं. मला कळलं ते दिवाळीत, ओवाळून घेताना!

दादाचं म्हणणं, चांदी ती चांदी. शिवाय कुठेतरी वाचून आलाय की खुद्द अमेरिकन सरकारनेच डॉलर वितळवले. ते खरंय. 1918 मध्ये आपल्याकडे लोक नोटा देऊन चांदीचे रुपये मागायला लागले, सरकारकडची चांदी आटली. इंग्रजांनी अमेरिकेकडे हात पसरला. तिकडे पिटमन कायदा झाला, 27 कोटी डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी इकडे आली. मुंबई-कलकत्त्याच्या टाकसाळींत तिचे रुपये झाले. म्हणजे तुमच्या आजीकडे 1918 चा रुपया असेल तर त्यातही एखादा मॉर्गन मुरलेला असू शकतो.

पण दादा पुढचं वाचत नाही. त्याच कायद्यात तेवढे डॉलर पुन्हा पाडायची अट होती. म्हणून तर 1904 नंतर बंद पडलेला मॉर्गन 1921 ला परत आला, आणि म्हणूनच तुमचा डॉलर इतका मुबलक आहे. सरकारने वितळवून परत केले. दादाने काय परत केलं?

तुमच्या नाण्यावरच्या बाईच्या डोक्यावर किरणांचा मुकुट असेल आणि मागे गरुड पंख मिटून खडकावर बसला असेल, तर तो मॉर्गन नाही, पीस डॉलर आहे. तो 1921 च्या अगदी शेवटी आला, त्या सालचे जेमतेम 10 लाख. त्याला भाव बरा येतो. वजन 26.73 ग्रॅम भरलं पाहिजे, लोहचुंबकाला चिकटता कामा नये. नकली बक्कळ आहेत. आणि चिंच, रांगोळी, टूथपेस्ट काहीही लावू नका, काळा आहे तसाच जाणकाराला दाखवा.

आता खरं सांगायचं तर 1882 चा कार्सन सिटीही काही फार दुर्मीळ नाही. 11 लाखांवर पाडलेले, त्यातले लाखो तिजोरीत पडून होते, ते सरकारने 1970 च्या दशकात विकायला काढले. हे दादाला अजून माहीत नाही.