श्वान अजिलिटी स्पर्धेसाठी मदतीला माणसं कुठून आणायची?

तुमच्या लेस्टरजवळच्या छोट्या क्लबाची जुलैमध्ये एक दिवसाची अजिलिटी स्पर्धा (मालकाच्या इशाऱ्यावर कुत्र्याने झटपट अडथळे पार करायचे) आहे, रिंग, म्हणजे धावायची आखलेली मैदानं, दोन आहेत आणि "स्वयंसेवक हवेत" असं दोनदा कळवूनही कोणी नाव दिलेलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी इथे इंग्लंडमध्येच अजिलिटी खेळते आणि आमच्या क्लबात रिंगसाठी माणसं जमवायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यांना मिळून केलेल्या विनंतीला कोणीच ओ देत नाही. काम काय, किती वेळ, काहीच कळत नाही आणि दिवसभर अडकून पडू या भीतीने लोक गप्प बसतात. त्यापेक्षा एकेकाला गाठा आणि विचारा, "दहा ते साडेअकरा, दोन नंबरच्या रिंगमध्ये उड्यांच्या अडथळ्यांवरून पडलेले बार उचलशील का?" याला बहुतेक जण हो म्हणतात.

परीक्षक सोडून एका रिंगला साधारण सात-आठ माणसं लागतात. रांगेतल्या स्पर्धकांना पुकारणारा, सुरुवातीला काढलेला कुत्र्याचा पट्टा शेवटच्या टोकाला नेऊन ठेवणारा, वेळ बघणारा, चुका टिपणारा, ते कागद पोहोचवणारा, गुण मांडणारा, बार उचलणारे दोघं. यातली बरीच कामं पाच मिनिटांत शिकवता येतात. बार उचलणाऱ्याला एवढंच सांगायचं: खिशात कुत्र्यांचा खाऊ ठेवू नको, पाय पसरून बसू नको. बार पडला की कुत्रा त्याच उडीवर परत येणार आहे का ते बघ. येणार असेल तर लगेच लाव, नाहीतर त्याचं पळणं संपेपर्यंत जागचं हलू नको.

चुका टिपण्याचं काम मात्र नवख्याला देऊ नका. तिथे कुत्र्याकडे बघायचंच नसतं, नजर सतत परीक्षकाच्या हातावर. उघडा हात वर गेला की पाच गुणांची चूक, मूठ वर गेली की नकार (कुत्र्याने अडथळा टाळला), हातांची फुली झाली की कुत्रा बाद. कुत्री बघायला हौसेने आलेला माणूस हमखास कुत्र्याकडे बघतो आणि एक मूठ निसटते. मग स्पर्धकाचा निकाल चुकतो, आणि त्याने त्या धावेसाठी महिनोन्‌महिने मेहनत घेतलेली असते.

आता माणसं कुठून आणायची? पहिले तुमचे स्पर्धकच. प्रवेश घेतानाच विचारून ठेवा. ज्यांची कुत्री उंचीप्रमाणे लार्ज गटात आहेत ते स्मॉल आणि मीडियम पळताना मोकळे असतात, आणि उलटही. दुसरे, ज्यांची कुत्री अजून 18 महिन्यांची नाहीत. केनेल क्लबच्या (इथली श्वान स्पर्धांचे नियम ठरवणारी संस्था) नियमाने त्यांना उतरता येत नाही, पण मालकांना रिंग जवळून बघायची फार उत्सुकता असते. दुखापतीमुळे किंवा वयामुळे ज्यांचं कुत्रं थांबलंय, त्यांना तर आवर्जून बोलवा. त्यांना खेळाची सगळी जाण असते आणि बोलावणं आलं की मनापासून बरं वाटतं.

आपल्या मराठी घरांतली चौदा-पंधरा वर्षांची मुलं शाळेतून ड्यूक ऑफ एडिनबरा पुरस्कार, म्हणजे मुलांनी स्वयंसेवा वगैरे करून मिळवायचा पुरस्कार, करत असतात. त्यातल्या पहिल्या, ब्राँझ पातळीसाठी निदान तीन महिने आठवड्याला तासभर स्वयंसेवा लागते. एका दिवसाच्या स्पर्धेने ते भागत नाही. म्हणून एप्रिलपासूनच त्यांना सरावाला अडथळे मांडायला बोलवा, म्हणजे जुलैपर्यंत तयार झालेली माणसं हाताशी असतील. तुमच्या ओळखीच्या मंडळात एकदा विचारून बघा.

बरेच लोक नाही म्हणतात ते कामामुळे नाही, "माझं कुत्रं कुठे ठेवू?" या प्रश्नामुळे. जुलैच्या उन्हात गाडीत ठेवणं जिवावरचं असतं. रिंगजवळ सावलीचा तंबू, पाण्याची भांडी आणि लक्ष ठेवायला एक भरवशाचा माणूस, एवढं ठेवा आणि तसं आधी कळवा. मला विचाराल तर फुकट जेवणापेक्षा याचा उपयोग जास्त होतो. जेवण तर द्याच, आणि चहा रिंगपर्यंत नेऊन द्या, कारण बार उचलणाऱ्याला खुर्ची सोडता येत नाही.

आदल्या गुरुवारी प्रत्येकाला त्याची वेळ, रिंग आणि गाडी लावायची जागा कळवा. दोन माणसं राखीव ठेवा आणि त्यांना सकाळी कुठलंच काम देऊ नका. दुपारी जेवणानंतर कोणीतरी गळतंच, तेव्हा ती लागतील.