प्रवासात गावोगावच्या पुस्तकांच्या दुकानांत जाण्यात कसली मजा? आणि खानदेशात अशी दुकानं आहेत तरी का?

कामानिमित्त दोन दिवस धुळे-जळगावला येताय, संध्याकाळ मोकळी आहे, आणि पुस्तकं घरबसल्या मिळत असताना लोक परगावी दुकानं कशाला धुंडाळतात, असं तुम्ही विचारलंय. एवढंच असतं तर मी वाचून सोडून दिलं असतं. ते 'आहेत तरी का' लागलं. माझे पुण्याचे साडूभाऊ गेली अठरा वर्षं याच सुरात हेच विचारतायत.

आहेत. पाटीवर 'बुक डेपो' लिहिलेलं असतं. दर्शनी भागात वह्या, कंपासपेट्या, गाईडं, शाळा उघडायच्या सुमारास दप्तरं. तेवढं बघून माणूस मागे फिरतो. फिरायचं नाही, आत जायचं.

मी ठिबकच्या धंद्यात आहे, आठवड्यातले चार दिवस एसटीत जातात. तीन वर्षांपूर्वी श्रावणात धुळ्यात होतो. डीलरनं अकराला बोलावलं आणि मग फोन करून चारला या म्हणाला. पाऊस लागलेला. धुळ्यात गल्ल्यांना नंबर असतात, तर आग्रा रोडच्या मागच्या अशाच एका गल्लीत आडोशाला म्हणून दुकानात शिरलो. गल्ल्यावरच्या पोरानं मान वर न करता विचारलं, "कितवीनं पाहिजे?"

माझं वय तेव्हा शेहेचाळीस.

म्हटलं, कितवीचंच नको, वाचायचं काही आहे का? पोरगं गोंधळलं. मागे एक आबा पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून मला नीट बघून घेतलं आणि माळ्याकडे बोट केलं. "शिडी शे. धूळ भलती शे, सांभाळीसन."

वर दीड तास होतो. दोरीनं बांधलेले जुने दिवाळी अंक, कुठल्यातरी वाचनालयाच्या खरेदीतून उरलेल्या कादंबऱ्या, पोथ्या, शेतीची पुस्तकं. धुळ्याच्याच राजवाडे इतिहास संशोधन मंडळाच्या 'संशोधक' त्रैमासिकाचे पाच-सहा सुटे अंक. आणि त्या अंकांच्या मध्ये दबलेली अठ्ठेचाळीस पानांची पिवळी पडलेली पुस्तिका: अहिराणीतल्या जात्यावरच्या ओव्या. एका निवृत्त मास्तरांनी स्वतःच्या पैशानं छापलेल्या. किंमत दहा रुपये. चौदाव्या पानावर माझ्या आजीची ओवी होती. आजीची म्हणजे ती म्हणायची ती. मी समजत होतो ती आमच्याच घरातली. मी माळ्यावरच बसून राहिलो, खालून पोरानं दोनदा हाक मारली.

आता सांगा, ही पुस्तिका तुम्ही मोबाइलवर कोणत्या नावानं शोधणार होता? ती आहे हेच माहीत नाही तर शोधणार काय? दुकानात जायचं ते यासाठी. ठरवलेलं पुस्तक आणायला नव्हे.

ऑनलाइनचंही एक ऐका. एका कंपनीकडून कादंबरी मागवली, तर पान ११२ नंतर थेट १२९. एक आख्खा सोळा पानी फॉर्मच गायब. परत पाठवायची मुदत संपलेली, कारण शंभराव्या पानापर्यंत पोचायला मला महिना लागला. दुकानात पुस्तक चाळून घेता येतं, एवढी साधी गोष्ट.

तर साडूभाऊ. त्यांचं म्हणणं, तुमच्याकडे सोनं, केळी आणि शेवभाजी. वाचन म्हणाल तर अप्पा बळवंत चौकात या. गेलोय मी. चौक झकासच आहे, खोटं कशाला बोलू. पण तिथं यादी घेऊन जायचं आणि यादी घेऊन यायचं. २०२४ साली अमळनेरला सत्त्याण्णवावं साहित्य संमेलन झालं तेव्हा यांचाच फोन, "राहायची सोय होईल का?" म्हटलं होईल, १९५२ सालीही अमळनेरलाच झालं होतं, तेव्हापासून सोय आहे.

आले. रात्री भरीत-भाकरी झाल्यावर मी कौतुकानं ती पुस्तिका त्यांच्या हातात दिली. त्यांनी खिशातून पेन काढलं. मला वाटलं काही टिपून घेतायत. तर 'पानी'चं 'पाणी' केलं. मग 'लोनी'चं 'लोणी'. तिसऱ्या पानावर पोचले तेव्हा मी पुस्तिका ओढून घेतली. "अहो, शुद्धलेखन किती चुकलंय," म्हणाले. बहिणाबाईंच्या ओळी मात्र यांना लग्नाच्या भाषणात तोंडपाठ असतात. त्यांना असोद्याची बोली गोड लागते आणि आमच्या ओवीतला 'न' खटकतो, कारण ती छापून, वाखाणून पुण्यात पोचली, ही नाही. बायको म्हणते, विषय सोडा आता. नाही सोडत. पुण्याचे असाल तर राग मानू नका, सगळे तसे नसतात.

जळगावात टॉवर चौकात उतरून कुणालाही पुस्तकांचं दुकान विचारा, चालत सापडेल. तिकडे निवड बरी असते, पण माळ्यावर कुणी चढू देत नाही. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत कुठंच जाऊ नका, गर्दीत तुमच्याकडे कोण बघणार? वाचनालयांच्या खरेदीच्या दिवसांत, म्हणजे मार्चच्या आसपास, माल ताजा असतो. आणि हो, दहातल्या सात दुकानांत खरंच फक्त वह्या निघतील. साडूभाऊंना हे सांगायचं नाही. ऑनलाइन मीही मागवतो, एरंडोलला राहून दुसरं काय करणार.

मी नंतर दोनदा त्या धुळ्याच्या दुकानात गेलो. कोरी प्रत हवी होती, पेनाच्या खुणा नसलेली. आबा म्हणाले, एखादी असेल कुठंतरी, दिवाळीत माळा आवरू तेव्हा बघू. तुम्ही जाताय तर तेवढं बघाल का? पिवळं मुखपृष्ठ, वर जात्याचं चित्र. छापील किंमत दहा आहे, आबा पन्नास मागतात. घासाघीस न करता द्या, मी पाठवतो.